अगियाकचे पाय

१२ ऑक्टोबर १९९१
किनाऱ्यावरचा तळ, इग्लूलिकपासून दीड दिवस

नुतारक,

तुला नावानेच हाक मारते आहे. आपल्यात सख्ख्या भावाला कुणी नावाने हाक मारत नाही, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. मुद्दाम मारली आहे, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज व्हायला नको.

तुझं पत्र काल माझ्या एलियासीने गावातून आणलं. साडेचार वर्षांनी तुला बहीण आठवली. मी आधी सीलचं कातडं खरवडून पूर्ण केलं, हात धुतले, चहा प्यायले, आणि मग पाकीट फोडलं. मला काही घाई नव्हती.

तू विचारतोस, मी तुमच्याबद्दल मनात काही धरून बसले आहे का. नाही. मला इथे कामं आहेत. मुलगा आहे, सून आहे, नातू आहे, नऊ कुत्री आहेत. त्यांच्यातून वेळ मिळाला तर झोपते. तुझ्या सासूने, त्या लियाच्या आईने, म्हणे सांगितलं की कुणाचा तरी विचार तुमच्या घरावर बसून आहे आणि तो लांबून आलेला आहे. तुझ्या सासूला माझा नमस्कार सांग आणि विचार, तुमच्या त्या इकालुइत शहरात शेजारी नाहीत का? तुझी जीभ लहानपणापासून सैल. जवळपासच कुणाला तरी दुखावलं असशील.

वॉलरसची गोष्ट विसरला नसशील. तू बारा वर्षांचा होतास. नावेत बसता बसता ओरडलास की आज सगळ्यात मोठा वॉलरस मीच लोळवणार. बाबांनी तिथल्या तिथे नाव वळवली आणि आपण घरी आलो. आठ दिवस वॉलरसच्या वाटेला गेलो नाही, कारण तुझं बोलणं आपल्या आधी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. बाबा तुला रागावलेसुद्धा नाहीत. मला असं काही बोलायची सोय नव्हती. मी मोठी होते ना.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातलं तिसरं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला. पुढचं वाचायला संध्याकाळ झाली. तुला मुलगी आहे, ती चार वर्षांची आहे आणि तिचं नाव अगियाक आहे, बाबांचं.

माझे बाबा चार वर्षं तुझ्या घरात आहेत आणि मला पत्ता नाही. नाव ठेवलं की त्याच दिवशी रेडिओवरून सगळ्या तळांना सांगतात, ही आपली पद्धत. गेलेलं माणूस कुणाकडे परत आलं ते सगळ्यांना कळायला हवं, म्हणजे ज्याची आई आली त्याने आई म्हणावं, ज्याचा बाप आला त्याने बाप म्हणावं. बाबा गेल्यावर मी त्या वसंतात रोज रेडिओसमोर बसले. कुणाला कुणाचं नाव मिळालं, सगळं ऐकलं. बाबांचं नाव कुणी घेतलं नाही. मला वाटलं, बाबा कुठेच नाहीत. आणि तू तिकडे त्यांना दुपट्यात गुंडाळून गप्प बसला होतास. भीती होती ना, की मी पोर मागायला येईन? आलेच असते. मिळेल त्या पहिल्या विमानाने आले असते.

तिच्या पायांबद्दल लिहिलंस ते वाचलं. पाय तान्हेपणापासून गार. दोन वर्षांची होईतो चालली नाही. या उन्हाळ्यापासून उभीच राहत नाही. वाईट वाटलं, एवढंच लिहिते. डॉक्टरांना दाखव. मला याबद्दल काही माहीत नाही.

उलायुक


२ नोव्हेंबर १९९१
इग्लूलिक

नुतारक,

समुद्रावर बर्फ धरला, म्हणून एलियासीबरोबर सामान न्यायला गावात आले. तुझं दुसरं पत्र माझ्याआधी येऊन बसलं होतं. चार वर्षं हाताला लकवा भरला होता आणि आता दर आठवड्याला पत्र.

पोरीला दक्षिणेत मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलंत, बरं केलंत. हाडं चांगली, नसा चांगल्या, रक्त चांगलं. तरी टाचणी टोचली तर ती पाय ओढत नाही, रडत नाही, नुसती बघत राहते. म्हणजे पाय बरे आहेत हे डॉक्टरांना कळलंय, पायांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि पुन्हा तुझा तोच प्रश्न. या वेळी जरा गोड भाषेत. "ताई, कधी रागाच्या भरात काही बोलली असशील तर सांगून टाक, सांगितल्याने जातं." मला ताई म्हणू नकोस. सांगितल्याने जातं हे मला तू शिकवणार? तू शहरात जाऊन खुर्चीवर बसायला लागलास, त्याच्या आधीपासून मी ते पाहते आहे.

इथे कुपाक म्हातारीकडे मांस द्यायला गेले होते. तीच, जिने आपल्या दोघांच्या नाळा कापल्या. आता डोळे गेलेत, पण हात धरून बसते आणि हातावरूनच माणूस वाचते. माझा हात धरला आणि म्हणाली, "काय गिळलंस?"

"काही नाही. सकाळपासून जेवलेच नाहीये."

"जेवली नाहीस ते कळलं. मी विचारतेय ते गिळलेल्याबद्दल."

मी म्हटलं, तुझ्या बोटांना संधिवात झालाय, त्यांना काय कळतंय. ती हसली. मग तिच्या लहानपणची गोष्ट सांगत बसली, मी विचारलं नसताना. त्यांच्या तळावर एक माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला होता. सगळ्यांनी एकेकाला विचारलं, तू काही चोरून केलंस का, काही बोललास का. शेवटी त्याच्या वहिनीनेच तोंड उघडलं. बाळंतपणात खायचं नसतं ते मांस तिने लपून खाल्लं होतं, आणि खाताना दीर जवळ आला म्हणून मनात त्याला मर म्हणाली होती. एवढंच. तिने सांगितलं आणि तो माणूस उठून बसला, रस्सा मागायला लागला. कुपाक म्हणते, वहिनीला कुणी रागावलं नाही. सगळे तिच्यासाठी खूष झाले.

मला उगाच उशीर झाला. सामान अर्धं राहिलं.

जाता जाता एक. मुलगी कोणत्या तारखेची? आणि नाव जन्मल्याबरोबर ठेवलंत की नंतर? कपड्यांच्या मापासाठी विचारते आहे.

उलायुक


२३ नोव्हेंबर १९९१
तळ

नुतारक,

नऊ एप्रिल. नाळ कापायच्या आधीच लियाच्या आईने नाव घेतलं आणि पोर रडायची थांबली. कळलं.

बाबा गेले अठ्ठावीस मार्चला. म्हणजे बारा दिवस ते कुठेच नव्हते आणि तेराव्या दिवशी तुझ्याकडे होते.

मी दोन दिवस सुई धरली नाही. सुनेने विचारलं, बरं नाही का. मी तिच्यावर खेकसले. ती बिचारी आपल्या कामाला लागली, पण नातू माझ्याकडे यायचा बंद झाला. लहान पोरांना कळतं.

ठीक आहे. तू एवढा मागे लागलाच आहेस तर सांगते. बाबा गेले त्या वसंतात मी एकदा काही बोलले होते. तुझ्याबद्दल. तुझं वाकडं व्हावं असं काहीतरी. शब्द आठवत नाहीत. कोण बोलत नाही? आणि तुला काय झालं? तू धडधाकट आहेस, दोन्ही पायांवर चालतोस, एलियासीने गेल्या वर्षी तुला पाहिलं तेव्हा पोटही सुटलं होतं. तेव्हा माझं बोलणं तुला लागलेलं नाही आणि हा विषय संपला.

आणि मी का बोलले, ते तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहिते.

आई गेल्यावर बाबा अकरा वर्षं माझ्याकडे होते. एलियासीचा बाप गेला तेव्हाही होते. दर शरद ऋतूत मी त्यांना नवे बूट शिवले. आत सशाच्या कातडीचे मोजे, वर कॅरिबू हरणाच्या पायाचं कातडं, तळ दाढीवाल्या सीलचा. तळ मऊ करायला मी दातांनी चावायची, माझे दात कशाने गेले ते डॉक्टरला नाही, मला विचार. सकाळी त्यांच्याआधी उठून बूट चुलीवर वाळवलेले असायचे. अकरा वर्षं त्यांच्या पायाला ओल लागली नाही. मग तू आलास, डोळे दाखवायला दोन आठवडे नेतो म्हणालास, आणि सात महिने ठेवून घेतलंस. मी तळावरच्या रेडिओवरून निरोप पाठवत राहिले, बाबांना परत पाठव, बाबांना परत पाठव. शेवटी हिवाळ्यात तिकडच्या निरोपांच्या कार्यक्रमात बाबा स्वतः बोलले. अख्ख्या किनाऱ्याने ऐकलं. म्हणाले, "नुतारकचं घर गरम आहे. तिकडे माझे पाय गार पडायचे. मी इथेच बरा आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून पुरती खाली आलेली नाही. माझे बूट, आणि पाय गार? शेजारच्या तळावरच्या बायकांनी दोन आठवडे माझ्याशी बोलताना बुटांचा विषय काढला नाही. त्यांच्या त्या न काढण्यानेच मी मेले.

बस. आता मला पत्र पाठवू नकोस.

उलायुक


१४ डिसेंबर १९९१
इग्लूलिक

नुतारक,

हे पत्र मनात वाचू नकोस. मोठ्याने वाच. लिया, तिची आई आणि मुलगी जवळ असताना वाच, मुलीला मांडीवर घे. कागदावर लिहिलेलं तिला ऐकू जातं की नाही ते मला माहीत नाही, म्हणून तुझं तोंड मी उसनं घेते आहे. आजवर त्या तोंडाचा मला काही उपयोग झालेला नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी तुझ्याबद्दल बोलले नव्हते.

तुला पत्र टाकून तळावर परत आले, तर नातवाला ताप. माझ्या हातून तो पाणी घेईना. मी एलियासीला म्हटलं, बर्फावरची गाडी काढ, मला कुपाककडे ने. एवढ्या अंधारात कशाला म्हणाला, पण काढली. कुपाककडे सहा जणं चहा प्यायला बसली होती. मी तिला विचारलं, हे चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या कानात सांगितलं तर चालेल का? म्हणाली, "पाद्रीबाबांचे कान चांगले आहेत. पण तू ज्या दिवशी बोललीस त्या दिवशी कुणाच्या कानात बोललीस?"

सगळ्यांसमोर बोलले होते. म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. तेच तुला लिहिते.

बाबा तुझ्याकडे यायच्या आधी, त्या उन्हाळ्यात, आम्ही वॉलरसचं मांस कातड्यात बांधून किनाऱ्यावरच्या खडीत पुरलं होतं. गाठोडी बाबांनीच शिवली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, टाके वाकडेतिकडे गेले. मी तेव्हा हसले होते आणि तेही हसले होते, म्हणाले, मांसाला काय, ते कुठे आरशात बघतंय. ते गेल्याची खबर आली आणि त्यानंतर अठरा दिवसांनी, पंधरा एप्रिलला, आम्ही एक गाठोडं उकरून काढलं. चांगलं आंबलं होतं, वास सुटला, सगळ्यांच्या तोंडाला पाणी आलं. ऊन होतं, पोरं नाचत होती. मी सुरी लावली आणि ते वाकडे टाके दिसले. आणि मला रेडिओवरचा आवाज ऐकू आला.

मी म्हणाले, "अगियाकचे पाय कधी गरम होऊ नयेत. ज्या पायांनी माझ्या घरातून गेला, त्या पायांनी त्याला कुठेही नेऊ नये."

असंच म्हणाले. शब्द न् शब्द आठवतो. नावाने म्हणाले, बाबा म्हणाले नाही. एलियासीचा हात मांसावरच थांबला. नंतर सगळ्यांनी खाल्लं, पण कुणी दुसऱ्यांदा घेतलं नाही.

मी असं का केलं? कारण मला वाटलं ते नाव कुणाकडे नाही. रेडिओवर कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या तंबूत दगड फेकावा तसा मी फेकला. तंबू रिकामा नव्हता. आत सहा दिवसांची पोर होती.

पुढच्या वर्षी सुनेला मुलगा झाला. सगळे म्हणाले, अगियाक ठेवा, त्यांना अजून कुणी घेतलं नाही. मी म्हटलं, त्या नावाचं माणूस मला घरात नको. तेव्हापासून सून माझ्याशी जपून बोलते. हेही लपवलं होतं, तेही सांगितलं.

हे सगळं बोलून झालं. कुणीतरी माझा कप भरला. कुपाक म्हणाली, बरं झालं, आता ते आमच्यातही वाटलं गेलं. आणि मग तिने विचारलं, "भावाकडे काय आहे?"

मी म्हटलं, त्याच्याकडे काय असणार, तोच तर विचारत होता.

"तुझ्या एकटीचं असतं तर पोर लंगडली असती. ती उभीच राहत नाही. दोन्ही बाजूंनी धरलंय तिला."

तेव्हा नुतारक, मी माझं सोडलं. आता तू तुझं तोंड उघड. तुझ्या सासूने लांबचा विचार आहे म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा तू जवळचं शोधलंस का? तू साडेचार वर्षं गप्प होतास ते फक्त मी पोर मागेन म्हणून नाही. मी तुला ओळखते. तू काही फोडलंस की पंधरा दिवस अतिशय गोड वागायचास.

उलायुक


११ जानेवारी १९९२
तळ

नुतारक,

तुझं पत्र आलं. तू लिहिलंस तसं मोठ्याने वाचलं, एलियासी आणि सुनेसमोर. मधे मला थांबावं लागलं, तेव्हा एलियासीने पुढचं वाचलं. त्याचा आवाज बाबांसारखा आहे, ते तुला माहीत असेलच.

बाबांना तिकडे एक महिनाही करमलं नाही. रोज सकाळी मी शिवलेले बूट चढवायचे आणि दारापाशी बसायचे. दोनदा एकटेच विमानतळाकडे चालत निघाले, निम्मे आंधळे, गाड्यांच्या रस्त्याने. लोकांनी परत आणून सोडलं. दुसऱ्यांदा लोक तुला हसले. म्हणून तू बूट लपवलेस. बाबांनी विचारलं तर म्हणालास, दुरुस्तीला दिलेत. बूट नाहीत म्हणून ते घरातून हलले नाहीत. पाच महिने. लोकरीच्या मोज्यांवर खिडकीशी बसले. आणि मी निरोप पाठवायची थांबेना, तेव्हा तू त्यांना रेडिओवर घेऊन गेलास आणि काय बोलायचं ते सांगितलंस. त्यांनी विचारलं, असं कसं म्हणू, खोटं आहे. तू म्हणालास, म्हणा, नाहीतर ताई स्वस्थ बसणार नाही. मुलाच्या घरी मुलाचं खावं लागतं. ते म्हणाले.

पुरलंत कशात, तेही लिहिलंस. दुकानातल्या बुटांत.

वाचून झाल्यावर मी बाहेर गेले. हिवाळ्यात बुडालेला सूर्य अजून परत वर आला नव्हता, नुसता दक्षिणेला उजेड होता. कुत्र्यांना मी दुप्पट खायला घातलं. तुझा राग आला की मी आता हेच करते. कुत्री लठ्ठ होत चालली आहेत, एलियासी कुरकुरतो.

तू शेवटी लिहितोस, आता हलकं वाटतंय. वाटू दे. मला नाही वाटत. तू लिहितोस, माफ कर. ते मी लिहिणार नाही. आत्ता लिहिलं तर ते खोटं असेल, आणि आपण दोघांनी एकदा खोटं बोलून आणि एकदा बोलायचं ते न बोलून काय केलं ते तुझ्या घरात जमिनीवर बसलं आहे. तेव्हा खरं तेच लिहिते. मला तुझा राग आहे. खूप आहे. तू माझ्या बापाला मोज्यांवर बसवलंस आणि त्यांच्या तोंडात माझा अपमान घातलास. ज्या पायांचे बूट तू लपवलेस, त्यांनाच मी शाप दिला. बाप कुणाचं ऐकणार होता, तुझं का माझं? त्याला जायला जागाच ठेवली नाही आपण.

हा राग मी कागदावर मांडून तुझ्यासमोर ठेवला आहे. माझ्या पोटात आता त्यातलं काही लपलेलं नाही. तुझं वाईट व्हावं असं मी म्हणणार नाही, मनातही आणणार नाही. आलंच तर कुत्री आहेत.

आता काम. तू लिहितोस, ते बूट अजून तुझ्या मागच्या खोलीत खोक्यात आहेत, फेकायचा धीर झाला नाही. येत्या विमानाने पाठव. धुवू नकोस, काही करू नकोस, तुझ्या हाताने त्यांचं आणखी काही व्हायला नको. आणि मुलीचे दोन्ही पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिलने रेघ काढून पाठव. तू काढू नकोस. लियाच्या आईला काढू दे. तिचं ते लांबच्या विचाराचं म्हणणं बरोबर होतं, पण अर्धंच. तिलाही सांग.

उलायुक


८ फेब्रुवारी १९९२
तळ

बाबा,

तुमचं पत्र हे. नुतारक तुम्हाला वाचून दाखवेल. मधे थांबला तर त्याला कोपरखळी मारा.

आजवर ज्या मोठ्या कागदांवर मी लिहीत होते ते सगळे रागाचे होते. तुमच्यासाठी सुनेकडून हा नवा कागद मागून घेतला. ती लगेच द्यायला तयार झाली आणि माझ्याशेजारी बसली. नातूही बसला आहे. त्याला सांगितलं, तुझे पणजोबा चार वर्षांचे आहेत आणि त्यांना दुधाचे दात आहेत. तो हसून लोळला.

परवा मी गावातून फोन केला तेव्हा तुम्ही मला "लेकी" म्हणालात. लियाच्या आईने शिकवलं असणार, तरी म्हणालात. मग विचारलंत, "लेकी, माझे बूट झाले का?" मी फोन एलियासीकडे दिला. तुम्हाला वाटलं असेल, ही लेक अशीच, रुसून उठून जाणारी. नाही, त्या दिवशी रुसले नव्हते.

तर बूट झाले. तुमचेच जुने बूट उसवून केले. कॅरिबूचं कातडं अजून चांगलं होतं, वर्षभर वापरलंत आणि मग पाच वर्षं खोक्यात पडून होतं, काही झालं नाही त्याला. वरचा भाग त्यातून निघाला. तळ नवा, या शरद ऋतूत एलियासीने मारलेल्या सीलचा. उरलेल्या सात दातांनी चावून मऊ केलाय. कुठे टोचला तर दोष दातांचा.

आता नीट ऐका. तुम्ही सहा दिवसांचे होतात तेव्हा मी तुमच्या पायांना काही म्हणाले होते. नुतारकने तुम्हाला वाचून दाखवलं आहे. ते मी रागाने म्हणाले, आणि ज्या वाक्याचा राग आला ते वाक्य तुमचं नव्हतंच. मला लाज वाटते. आता मी म्हातारी होत चालले आहे, आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात थोडं वजन येतं म्हणतात. माझ्यात आलं असेल तर ते सगळं इथे घालते. अगियाकचे पाय गरम राहोत. त्या पायांना जिथे जायचं असेल तिथे ते अगियाकला नेवोत. माझ्याहून खूप जास्त वर्षं नेवोत. हे मी एलियासी, सून आणि नातवासमोर मोठ्याने म्हटलं आणि मग लिहिलं.

तुमच्या पायांचा कागद आला तेव्हा मी पाहिलं, उजव्या पायाची रेघ बोटांपाशी वाकडी होऊन बाहेर गेली आहे. मला आधी लियाच्या आईचाच राग आला, एवढंसं काम आणि तेही धड नाही. मग खाली तिने लिहिलेलं वाचलं. पेन्सिलने तुम्हाला गुदगुल्या झाल्या आणि तुम्ही पाय मागे ओढलात.

टाचणी टोचली तरी जो पाय हलत नव्हता, तो तुम्ही ओढलात. मी तो कागद भिंतीवर लावला आहे. सगळ्यांना दाखवते. बूट त्याच मापाचे केले, पण बोटांपाशी जरा जागा जास्त ठेवली आहे, त्या वाकड्या रेघेइतकी.

घाई करू नका. आधी घरात उभे राहा. मग दारापर्यंत. मग विमानतळापर्यंत, आणि या वेळी तुम्हाला कुणी परत आणून सोडणार नाही, नुतारक स्वतः हात धरून नेईल, तसं त्याला लिहून कळवलं आहे. इकडे उतरलात की मी असेनच. बूट ओले झाले तर चुलीवर वाळवीन. पहिल्यांदा वाळवतेय असं नाही.

माझा राग तुमच्यावर नाही, बाबा. भावावर अजून आहे. पण तो आम्हा दोघांचा आहे, आमच्यातच राहू दे. तुम्ही चालत या.

तुमची लेक,
उलायुक